लॉटरी बंदी कर्नाटकात, तिकीट सीमेपलीकडे: पैसे बुडाले तर जाब कुणाला विचारायचा?

वडगावकर
कर्नाटकात एप्रिल 2007 पासून लॉटरी बंद आहे. बेळगावात तिकीट मिळत नाही, खरं सीमेवरची शिनोळी गाठली की महाराष्ट्र. माझे मामा मागावर साड्या विणतात. दर शनिवारी पलीकडे जाऊन परराज्यातल्या लॉटरीचं तिकीट आणायचे. एकदा बक्षीस लागलं. दुकानदाराने तिकीट ठेवून घेतलं, "वरून पैसे आले की देतो" म्हणाला. सहा महिने झाले, मामा हेलपाटे घालतायत. तिकीटही गेलं, पुरावाही गेला.

1998 च्या लॉटरी कायद्याचं कलम 4 वाचा. तिकिटावर राज्याचं चिन्ह हवं, विक्रीचे पैसे राज्याच्या खात्यात जायला हवेत, सोडत राज्यानेच काढायची, कुणी न नेलेलं बक्षीसही राज्याचं. प्रत्यक्षात किती तिकिटं खपली, किती उरली, हे राज्याने तिकीटविक्रीला नेमलेला वितरकच सांगणार. सिक्कीमच्या प्रकरणात ईडीचा आरोप नेमका हाच आहे: 2009-10 मध्ये बक्षिसाचे दावे फुगवून दाखवले आणि राज्याचं 910 कोटींचं नुकसान झालं. आरोप आहे, निकाल नव्हे. खरं, हिशेब वितरकाच्या हातात असेल तर असं होणारच. उरलेल्या तिकिटांचे नंबर सोडतीच्या आधी जाहीर करा, म्हणजे न खपलेल्या तिकिटावर मागाहून बक्षीस दाखवता येणार नाही, एवढीच माझी मागणी.

चंदगडचा
दादा, मामांबद्दल वाईट वाटलं. खरं एका दुकानदारापायी सगळा धंदा बदनाम नको. महाराष्ट्राची लॉटरी 1969 पासून चालू आहे. तिकिटाच्या मागे नाव-पत्ता लिहून सही करायची, झेरॉक्स ठेवायची आणि मोठं बक्षीस असेल तर दुकानात तिकीट द्यायचंच नाही. बंदीने काय साधलं? माणूस मटक्याकडे वळला. तिथं आकड्यावर लावलेले पैसे बुडाले तर तक्रार कुठे करणार? लॉटरीत निदान कायदा तरी आहे. 10 हजारांवरच्या बक्षिसातून 30 टक्के कर कापतात, तिकिटावर जीएसटी वेगळा. कर्नाटकाने स्वतःची लॉटरी काढावी, पैसा इथेच राहील.

खानापूरची लेक
नको. 2007 च्या आधीचे दिवस मी घरात बघितलेत. पगाराचं पाकीट घरी येईपर्यंत अर्धं झालेलं असायचं, आणि आई रेशनच्या दुकानात उधारी मागायला मला पाठवायची. एका अंकावर बक्षीस देऊ नये असं कायद्यात लिहावं लागलं, कारण तो मटकाच होता, वर फक्त सरकारी शिक्का. आणि दादा, स्वतःची लॉटरी काढली की बाहेरची तिकिटं रोखता येत नाहीत, हा सुप्रीम कोर्टाचा 1999 चा निकाल आहे. म्हणजे दार एकदा उघडलं की सगळ्यांना उघडलं.

पक्षांना देणग्या देण्याच्या निवडणूक रोख्यांची यादी 2024 मध्ये आली, तेव्हा सर्वांत मोठा खरेदीदार लॉटरीतलाच निघाला: फ्यूचर गेमिंग, 1368 कोटी. अशांची तपासणी कोण मन लावून करील?

चंदगडचा
ताई, तुमच्या घरचं वाचून गप्प झालो. तरी वडगावकरांना विचारतो, उरलेली तिकिटं सोडतीआधी गोळा कशी करणार? गावोगावचे विक्रेते शेवटच्या तासापर्यंत विकतात.

वडगावकर
मग विक्री आदल्या संध्याकाळी थांबवा. धंदा थोडा घटेल, घटू दे. ज्या राज्याला लॉटरीतून महसूल मिळतो तेच राज्य तपासणीही करतं, मुळात दोष तिथे आहे. कलम 4 मोडून लॉटरी चालवली तर दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. खरं गुन्हा दाखल व्हायला आधी कुणीतरी हिशेब मागायला हवा ना? बंदी राहावी असं मलाही वाटतं. ताई, तुमचं पटतं. तरी आपली माणसं पलीकडे जाणारच, म्हणून पलीकडचा हिशेबही आपला विषय आहे.

खानापूरची लेक
मामांकडे त्या तिकिटाचा नंबर तरी आहे का?

वडगावकर
आहे. त्यांनी मागाच्या खांबावर खडूने लिहिला होता, अजून वाचता येतो.

चंदगडचा
मग दुकानदाराच्या मागे फिरू नका. तिकीट ज्या राज्याचं, त्याच्या लॉटरी संचालनालयाला रजिस्टर पोस्टाने लिहा: हा नंबर, ही सोडत, या तिकिटाचं बक्षीस कुणी उचललं? मसुदा मी करून देतो.