गन्स एन रोझेस या अमेरिकन रॉक बँडची १९९१-९३ ची टूर: कुठलं रेकॉर्डिंग ऐकायचं?

होटगीरोडकर: नवी पेठेतल्या मित्रानं पेनड्राइव्ह दिलाय, त्यात या टूरचे बरेच शो आहेत, सगळे पब्लिकमधून कुणीतरी रेकॉर्ड केलेले, पण निम्म्यात नुसता गोंगाट. सुरुवात कुठनं करू? आणि बँडचा गायक ॲक्सल रोझ मध्येच स्टेज सोडून जायचा ते खरंय का?

सातरस्ता_बेस: खरंय की. २ जुलै १९९१, सेंट लुइसजवळ, पब्लिकमधला एक जण कॅमेरा घेऊन शूट करत होता, ॲक्सलनं सिक्युरिटीला सांगितलं आणि मग स्वतःच उडी मारली त्याच्या अंगावर! नंतर माइक आपटून गेला निघून, मग दंगल, खुर्च्या, सामान सगळ्याची वाट. आणि गंमत बघ, आज आपण ऐकतोय ते असल्याच चोरून आत नेलेल्या मशीनींमुळं. तू नोव्हेंबर ९१ च्या आधीचे शो घे, तोवर गिटारवर इझी स्ट्रॅडलिन होता, नंतर गिल्बी क्लार्क आला. मला तरी इझीच पाहिजे.

होटगीरोडकर: एक शो कायतरी बारीक आवाजात पळतोय बे

गिटार_पार्कचौक: टेपचा स्पीड चुकलाय. कॅसेटवरनं कॅसेट, त्यावरनं परत कॉपी, असं झालं की होतं. हे लोक गिटार अर्धा सूर खाली लावायचे, तुझी तशी लावून सोबत वाजव, जुळलं नाही तर ऑडॅसिटी सॉफ्टवेअरमध्ये स्पीड कमी कर. आणि ऑगस्ट ९२ चा मॉन्ट्रियल असला तर ठेव, तिथं आधी त्याच शोमधल्या मेटालिका बँडचा गायक हेटफील्ड भाजला, मग ह्यांनीही शो अर्धवट सोडला, परत दंगल.

सातरस्ता_बेस: एमपीथ्री असतील तर फ्लॅक फाइली शोध राव, त्यात आवाज कापला जात नाही