मदत हवी आहे : 18 महिने घर बंद, हयातीच्या दाखल्याचं काय?

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं निवृत्त, राहायला ऐरोलीत. आमच्या लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) या ख्रिस्ती चर्चमध्ये ज्येष्ठ जोडप्यांना मिशनरी म्हणून गरजूंच्या मदतकार्याला जाता येतं : 6, 12, 18 किंवा 23 महिने, खर्च स्वतःचा, पगार शून्य. मला 18 महिने जायचंय. यांचं म्हणणं, 6 पुरेत (खरी भीती परक्या हातच्या भाजीची!). साखर दोघांनाही आहे, पण डॉक्टरांची हरकत नाही.

अडतंय ते पेन्शनवर. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सेवेवर, मोबाइलला चेहरा दाखवून, परगावाहून कुणी दिलाय का? माझा अंगठा मशीन घेतच नाही, भांडी घासून रेषा गेल्यात. आणि बंद फ्लॅटची किल्ली शेजारी ठेवावी की नातेवाइकांकडे? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.