सगळ्याला एकच अर्थ 'चपळ'? इंग्रजी विशेषणांची यादी पाठ करून घेणं बंद करा

येळ्ळूरचा गडी:
पोरीच्या वहीत शिकवणीत दिलेली ओळ बघितली: ॲजाइल, निंबल, लाइद, सपल, स्प्राय, ग्रेसफुल. पुढे सगळ्यांना मिळून एक अर्थ, चपळ. अशी यादी घोकून घेणं बंद झालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ग्रेसफुलमध्ये वेगाचा संबंधच नाही, संथ चालणारी बाईही ग्रेसफुल असते. स्प्राय म्हणायचं ते म्हाताऱ्या माणसाला, या वयातही तरातरा चालतो म्हणून कौतुकानं. दहावीच्या पोरानं स्वतःला स्प्राय म्हटलं तर वाक्य व्याकरणात बसेल, पण इंग्रजी जाणणाऱ्याच्या कानाला खटकेल.
आमच्याकडं हे आखाड्यात दाखवता येतं. गडी आडदांड असला तरी समोरच्यानं हात टाकताच खाली बसतो, एकेरी पट काढतो, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून ओढतो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याच्या पाठीवर जातो. तो ॲजाइल. लाइद मात्र त्याला म्हणता येत नाही, कारण त्या शब्दात सडपातळ, लवलवती अंगकाठी आली. एवढं एकदा बघितलेलं पोर विसरत नाही.

शिकवणीवाला, खानापूर:
पटत नाही. आपल्या बेळगाव भागात, कर्नाटकात, मराठी माध्यमाच्या पोराच्या डोक्यावर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही आहेत. वर एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, परीक्षा. उताऱ्यात निंबल आलं आणि चपळ एवढं आठवलं, की त्याचं काम होतंय. जांबोटी भागातनं बसनं येणाऱ्या पोराचा अजून 'ही गो' की 'ही गोज' यात गोंधळ आहे. आधी वाक्य तर उभं राहू दे! बारकावे कॉलेजात शिकेल.

येळ्ळूरचा गडी:
कॉलेजात कोण शिकवतंय? पुण्या-बेंगळुरात सॉफ्टवेअरला लागलेल्या पोरांच्या कानावर ॲजाइल रोज पडतं. 2001 साली अमेरिकेत काही प्रोग्रॅमर एकत्र बसले आणि आपल्या कामाच्या पद्धतीला त्यांनी हे नाव दिलं. गिऱ्हाइकाची गरज बदलली की कामाचा रोख लगेच वळवता यावा, हा त्यातला मुद्दा. चपळ पाठ केलेल्या पोराला वाटणार, नुसतं भराभर उरकायचं.

अथणीकर:
सपल त्या यादीत कसं आलं? आमच्या घरात चपलांचं काम. कमावलेलं कातडं हातात घेऊन दुमडून बघतात, भेग न पडता वळलं तरच घेतात. असल्या कातड्याला इंग्रजीत सपल म्हणतात, तसंच सहज वळणाऱ्या अंगालाही. कोल्हापुरी चपलेला 2019 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्यात बेळगाव जिल्हाही आहे. बाहेरचं गिऱ्हाईक इंग्रजीत विचारतं तेव्हा हा शब्द आम्हाला नेमका लागतो. तिथं चपळ सांगून कसं चालेल?

कबड्डीप्रेमी:
मी म्हणतो, विशेषणांवर एवढा भर कशाला? आपण सुळकन निसटला, टुणकन उडी मारली, अलगद उतरला असं म्हणतो. इंग्रजीत ते काम बऱ्याचदा क्रियापदच करतं: डार्ट, लीप, ग्लाइड. चढाईला गेलेला गडी मधल्या रेषेकडं परतला, तिथं 'रॅन' लिहून शेजारी निंबल चिकटवण्यापेक्षा सरळ 'डार्टेड' लिहा की. क्रियापदं आली तर पोर बोलायला लागतं. नुसती विशेषणं येऊन ते गप्पच बसतं.

शिकवणीवाला, खानापूर:
क्रियापदांचं मान्य. पण आखाड्यात नेऊन इंग्रजी शिकवायला वेळ कुणाकडं आहे? परीक्षेच्या आधी पोर्शन संपवून उजळणी घ्यायची असते. मी यादीच देणार, त्यातनं स्प्राय आणि ग्रेसफुल फार तर वेगळे काढीन.

येळ्ळूरचा गडी:
मग सपलपण काढा. आणि प्रत्येक शब्दापुढं एक नाम लिहून द्या: सपल लेदर, निंबल फिंगर्स. निपाणीकडं विडी वळणाऱ्या बायका पोरांनी बघितल्यात. पान कापायचं, तंबाखू भरायची, गुंडाळून दोरा बांधायचा, आणि बोलणं न थांबवता पुढची विडी घ्यायची. ती बोटं निंबल. हे सांगायला तुम्हाला वेगळा पिरियड लागत नाही, सर.