शब्दचर्चा: ‘एक्झॉटिक’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा: कथा-कादंबऱ्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया कशा रंगवल्या जातात, यावरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. ‘एक्झॉटिक’ आणि त्याचं क्रियापद पावलोपावली येतं. कोशातले ‘परदेशी’, ‘विलक्षण’, ‘आकर्षक’ लावून पाहिले, एकही बसत नाही. ‘विदेशीकरण’ लिहिलं तर सरकारी परिपत्रक वाटतं.

प्रतिसाद: ‘अनोखीकरण’?

प्रतिसाद: ‘करण’ जोडून शब्द तयार होईल, अर्थ पोचणार नाही. ‘अनोखी’ ही मराठीत निव्वळ तारीफ आहे. वाचक म्हणेल, अनोखी दिसते तर बिघडलं कुठे? तुमच्या लेखाची तक्रार बघणाऱ्याबद्दल असणार, आणि ही सगळी विशेषणं गुण त्या बाईच्याच पदरात टाकतात.

फ्रेंच कवी बोदलेअर घ्या. झान द्यूव्हाल या मिश्रवंशीय प्रेयसीच्या केसांवरच्या कवितेत त्याला त्या केसांत आख्खा आफ्रिका आणि आशिया दिसतो. वास येतो खोबरेल, कस्तुरी आणि डांबराचा. आता खोबरेल! रत्नागिरीत कुणाला त्याचं नवल वाटणार? पॅरिसमध्ये मात्र तो दूरदेशीचा सुगंध झाला.

कॉनराडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ या इंग्रजी लघुकादंबरीत (१८९९) तर हे आणखी उघड आहे. नदीकाठी येणाऱ्या आफ्रिकी स्त्रीच्या गुडघ्यापर्यंत, कोपरापर्यंत पितळ, गळ्यात काचमण्यांच्या माळा. निवेदक लगेच हिशेब करतो: हिच्या अंगावर कित्येक हस्तिदंतांच्या किमतीचा ऐवज असेल. कथा हस्तिदंताच्या व्यापाराची, तेव्हा मोजमापही त्याचंच. ती रानटी आणि भव्य, दोन्ही एका दमात. तिला नाव नाही, तोंडी एक वाक्य नाही. कथेतल्या कर्ट्झ या हस्तिदंताच्या व्यापाऱ्याच्या युरोपातल्या वाग्दत्त वधूलाही नाव नाही, पण ती निदान बोलते. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांनी १९७५च्या व्याख्यानात या दोघींमधल्या फरकावर बोट ठेवलं होतं.

म्हणून एकच प्रतिशब्द शोधत बसू नका. क्रियापद असेल तिथे ‘नवलाईची वस्तू करून टाकणं’ लिहा. लांब आहे, पण कोण कुणाला काय करतंय ते कळतं. विशेषण असेल तिथे ‘गोऱ्या निवेदकाला अद्भुत वाटणारी’ असं बघणाऱ्यासकट लिहा. परिभाषा म्हणून वारंवार लागलं तर सरळ ‘एक्झॉटिक’ ठेवा. मराठी वाचक त्याने बिचकत नाही.

विचारणा: हे पटलं. आणखी एक. लेखात ‘चॉकलेटी कांती’, ‘कॉफीच्या रंगाची त्वचा’ अशी उदाहरणं आहेत. सगळीकडे ‘सावळी’ करू?

प्रतिसाद: आपणही ‘गव्हाळ’ म्हणतोच की. त्यात काय वावगं?

प्रतिसाद: ‘गव्हाळ’ आपण आपल्याच माणसांना म्हणतो, आणि लग्नाच्या जाहिरातीत तो कसा वापरला जातो तेही ठाऊक आहे, असो. कादंबरीत गोऱ्या पात्रांच्या रंगाची दखलही नाही आणि एकटीच्याच त्वचेला खाण्यापिण्याचे पदार्थ, ही मेख आहे. ‘सावळी’ केलंत तर ती पुसली जाईल, शिवाय ‘सावळी’त विठ्ठलापासूनची माया आहे. चॉकलेट, कॉफी तसंच ठेवा.

प्रतिसाद: आणि ‘कृष्णवर्णीय’ऐवजी कुणी ‘हबशी’ सुचवलं तर ऐकू नका. मलिक अंबरच्या काळाबद्दल लिहिताना ठीक, आजच्या माणसाला ती शिवी लागते.