'शोले'ची भलतीच डिस्क आणली! चूक कोणाची?

पडीक_प्रेक्षक:
बाबांची पंचाहत्तरी झाली. १९७५ साली त्यांनी लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात 'शोले' पाहिला होता. अगदी पुढची रांग, त्यामुळे दोन दिवस मान आखडलेली. ती मान आमच्या घरात अजून अधूनमधून निघते. म्हटलं, जुन्या डीव्हीडी विकणाऱ्याकडून एक डिस्क आणून देऊ.

जेवणं उरकून सगळे बसलो. मध्यंतरापर्यंत स्वर्ग, पडद्यावरच्या पात्रांच्या आधी बाबांचे संवाद. उत्तरार्धात रामलाल ठाकूरच्या बुटांना खिळे बसवताना दिसला आणि बाबा गप्प झाले. "हे कुठे होतं?" शेवटी ठाकूरने त्याच बुटांनी गब्बरला संपवलं. पोलीस आलेच नाहीत. "हा आपला शोले नाही रे," म्हणाले आणि झोपायला गेले.

मग शोधाशोध केली. आणीबाणीत सेन्सॉरने शेवट बदलायला लावला होता, तो न बदललेला सिनेमा माझ्या हाती लागला होता. कव्हरवर शेवटाबद्दल चकार शब्द नाही. दुकानदार म्हणतो, फोडलेली डिस्क परत घेत नाही, शिवाय तुम्हाला जास्तच सिनेमा मिळालाय!

माझं म्हणणं एवढंच : कुठली आवृत्ती आहे ते कव्हरवर ठळक छापा. दुधाच्या पिशवीवरसुद्धा गायीचं की म्हशीचं ते लिहितात.

गब्बरचा_हिशेब:
तुम्हाला लॉटरी लागली आणि तुम्ही तिकीट परत करायला निघालात! रमेश सिप्पींनी आधी केलेला शेवट हाच. सलीम-जावेदची पटकथाही तिकडेच जाते. ठाकूरला गब्बर जिवंत का हवा असतो? जयने तसा शब्द का दिलेला असतो? पोलिसांच्याच ताब्यात द्यायचा तर एवढा खटाटोप कशाला! २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात जतन करून दाखवलेल्या प्रतीतही हाच शेवट होता. चुकीची आवृत्ती ती, जी आपण इतकी वर्षं बघितली.

मावशी_नागपूरकर:
असहमत. ठाकूर मुळात पोलीस अधिकारी. पाय उचललेला असताना कोणीतरी त्याला त्याच्याच कायद्याची आठवण करून देतं आणि तो थांबतो, यात मला अर्थ दिसतो. सेन्सॉरने जबरदस्तीने घातलेला अर्थ का असेना. आणि मिनर्व्हात पाच वर्षं लोकांनी रांगा लावल्या त्या कुठल्या सिनेमाला? दिग्दर्शकाच्या मनात काय होतं ते त्याच्यापाशी. बाबांनी तिकीट काढलं ते पोलीस येणाऱ्या 'शोले'चं.

गब्बरचा_हिशेब:
मावशी, आणीबाणीतल्या बाबूंनी पटकथा सुधारली असं म्हणताय की काय?

मावशी_नागपूरकर:
एका ठिकाणी, हो! अहमद आठवा, आपला सचिन पिळगावकर. त्याचा खून कापला गेला. आपल्याला दिसतं काय, तर गब्बर हातावरची मुंगी मारतो, आणि मग घोड्यावरून प्रेत गावात येतं. त्या मुंगीने माझी झोप उडवली होती. खून दाखवला असता तर विसरले असते. बाबूंना यातलं काही कळत होतं असं मात्र नाही हं.

गब्बरचा_हिशेब:
मुंगीचं मान्य. शेवटाचं नाही.

चकती_चाचणी:
तुमची सिनेमाची भांडणं चालू द्या, मी व्यवहाराचं बोलतो. डिस्क घेताना मागची मिनिटं वाचायची. न कापलेला 'शोले' २०४ मिनिटांचा. दोन सेकंदांचं काम. तेवढंही केलं नाही तर दुकानदाराला दोष देऊ नये.

२५_फ्रेमवाला:
@चकती_चाचणी, तुमची दोन सेकंदं इथेच फसतात. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालतो. पाल पद्धतीच्या (भारत-युरोपातल्या टीव्हीच्या) डिस्कवर तोच बरेचदा २५ ने पळवतात. म्हणजे २०४ मिनिटांचा सिनेमा एकही दृश्य न कापता १९६ मिनिटांत संपतो, आवाजही किंचित पातळ होतो. एनटीएससी, म्हणजे अमेरिकी टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर मिनिटं तेवढीच राहतात. आता कव्हरवर १९६ दिसलं तर आठ मिनिटं सेन्सॉरने खाल्ली की वेगाने, हे गिऱ्हाइकाने उभ्या उभ्या कसं ओळखायचं? धागाकर्त्याची मागणी रास्त आहे. मिनिटं नकोत, शेवट कोणता ते छापा.

चकती_चाचणी:
शेवट कव्हरवर छापा? मग सिनेमा कशाला बघायचा!

२५_फ्रेमवाला:
'शोले'चा शेवट माहीत नसलेलं गिऱ्हाईक मला आणून दाखवा.

मावशी_नागपूरकर:
पडीक, बाबांचं काय झालं ते सांगा. हे दोघं रात्रभर चौकटी मोजतील.

पडीक_प्रेक्षक:
चकती साहेब, मिनिटं वाचली नव्हती, तेवढी चूक कबूल. पण वाचून काय कळलं असतं ते वर आलंच आहे.

बाबा दोन दिवस त्या डिस्कच्या वाटेला गेले नाहीत. आज दुपारी स्वतःहून म्हणाले, लाव. अट एकच : गब्बर ठाकूरच्या पायाखाली आला की बंद करायचं.

गब्बरचा_हिशेब:
आणि पोलीस?

पडीक_प्रेक्षक:
त्यांचे संवाद बाबा म्हणून दाखवतात. टीव्ही बंद करून, उभं राहून.