मदत हवी आहे : पोलॅरिटॉन लेसरच्या नीलसृतीत कंडेन्सेटचा वाटा आणि एक्झिटॉनांच्या साठ्याचा वाटा वेगळे कसे करावेत?

नमस्कार मंडळी,

पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी गॅलियम आर्सेनाइडच्या मायक्रोकॅव्हिटीतील (दोन आरशांमधील सूक्ष्म पोकळीतील) पोलॅरिटॉन कंडेन्सेटचे सिम्युलेशन करीत आहे. पोलॅरिटॉन म्हणजे प्रकाश आणि एक्झिटॉन (इलेक्ट्रॉन व होल यांची बद्ध जोडी) यांच्या मिश्रणातून बनलेला कण; असे पुष्कळ कण एकाच क्वांटम अवस्थेत जमले की कंडेन्सेट होते. त्यात एका ठिकाणी काम अडले आहे. या विषयात प्रत्यक्ष प्रयोग केलेले कोणी येथे असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

पंपाची (नमुना उत्तेजित करणाऱ्या लेसरची) तीव्रता वाढवली की पोलॅरिटॉनांची ऊर्जा वर सरकते (हीच नीलसृती), कारण त्यांच्यातील एक्झिटॉनांचे अंश एकमेकांना दूर ढकलतात. या प्रतिकर्षणाच्या मुळाशी प्रामुख्याने पाउलींचे विवर्जन तत्त्व आहे. एक्झिटॉनची बंधन ऊर्जा १० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट आणि बोर त्रिज्या १० नॅनोमीटर धरली, तर नेहमीच्या सैद्धांतिक सूत्राने एका क्वांटम वेलसाठी (एक्झिटॉन ज्यात असतात त्या पातळ थरासाठी) एक्झिटॉन-एक्झिटॉन आंतरक्रिया सुमारे ६ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट-चौरस मायक्रोमीटर येते. पोलॅरिटॉन अर्धा एक्झिटॉन असेल तर तिचा चौथा हिस्सा उरतो, आणि वेल १२ असल्यास त्यालाही १२ ने भागावे लागते. म्हणजे दर चौरस मायक्रोमीटरला १०० पोलॅरिटॉन असले तरी त्यांच्या आपसातील प्रतिकर्षणाने रेषा जेमतेम १२ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट सरकेल. मी ज्या प्रकाशित आलेखांशी तुलना करीत आहे, त्यांतील सरक याहून कितीतरी मोठी आहे. बाकीची सरक पंपामुळे तयार झालेल्या, कंडेन्सेटमध्ये न उतरलेल्या एक्झिटॉनांच्या साठ्यामुळे होते, हे मला मान्य आहे. मात्र ते आकड्यांत मांडणे जमलेले नाही.

कंडेन्सेटच्या तरंगफलनाचे ग्रॉस-पिटायेव्स्की समीकरण घेऊन त्याला साठ्याचे दर-समीकरण जोडले की एकसमान पंपासाठी उत्तर सरळ मिळते. थ्रेशोल्डनंतर (ज्या पंप-तीव्रतेला कंडेन्सेट बनू लागते तिच्यापुढे) साठ्याची घनता स्थिर होते, त्यामुळे पुढच्या नीलसृतीचा चढ केवळ कंडेन्सेटचा मानता येतो. पण पंपाचा ठिपका लहान असला की पोलॅरिटॉन साठ्याच्या टेकडीवरून बाहेर घरंगळतात, आणि जेथे कंडेन्सेट विरळ पडते तेथे साठा वाढतच राहतो. परिणामी दोन्ही आंतरक्रिया-स्थिरांकांच्या (पोलॅरिटॉनांचा आपसातील आणि पोलॅरिटॉन-साठा यांचा) बऱ्याच वेगवेगळ्या जोड्या एकाच आलेखाशी तितक्याच चांगल्या जुळतात.

कड्याच्या (वलयाच्या) आकाराचा पंप वापरून साठा बाहेर ठेवावा, हा मार्ग मला सर्वांत आश्वासक वाटतो. तरीही २०१७ मध्ये नेल्सन आणि स्नोक या संशोधकांच्या गटांनी याच पद्धतीने मोजलेली आंतरक्रिया सैद्धांतिक अंदाजाच्या सुमारे शंभरपट निघाली होती, आणि एक्झिटॉन विसरणाने (डिफ्यूजनने) कड्याच्या आत पोचत असावेत, असे स्पष्टीकरण पुढे सुचवले गेले. २०१९ मध्ये दाट कंडेन्सेटच्या थॉमस-फर्मी आकारावरून (आंतरक्रिया प्रबळ असताना घनतेला येणाऱ्या आकारावरून) केलेले मोजमाप मात्र सिद्धांताच्या जवळ आले.

तेव्हा मला असे विचारायचे आहे : लहान ठिपक्याच्या प्रयोगात थ्रेशोल्डनंतरच्या चढावरून स्थिरांक काढणे कितपत ग्राह्य धरावे? कड्याच्या सिम्युलेशनमध्ये साठ्याला विसरणाचे पद जोडताना प्रकाश न देणारे, दीर्घायुषी 'डार्क' एक्झिटॉन स्वतंत्र समीकरणाने घ्यावेत का? आणि घनता वाढल्याने राबी विभाजन (पोलॅरिटॉनांच्या वरच्या व खालच्या ऊर्जा-शाखांमधील अंतर) कमी होते, त्यातून होणारी सरक आंतरक्रियेतच मोजली जाऊ नये म्हणून वरच्या पोलॅरिटॉन शाखेची जागाही नोंदवणे पुरेसे ठरते का? घनतेचे कॅलिब्रेशन आपण कसे केले, एवढे जरी कोणी सविस्तर सांगितले, तरी माझे काम पुढे सरकेल.