गुपचूप येणाऱ्या हायब्रिड गाड्या: आवाजाची सक्ती हवी की नको?

पायीपायी (धागाकर्ती)

हायब्रिड (इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या) आणि निव्वळ बॅटरीच्या गाड्यांनी कमी वेगात असताना कृत्रिम आवाज काढलाच पाहिजे, असे नियम अमेरिका आणि युरोपात आले त्याला आता काही वर्षं झाली. या नियमांवरून परवा एका ओळखीच्या गृहस्थांशी माझी चांगलीच जुंपली. "इतकी वर्षं खपून गाडी शांत केली आणि आता तिला पुन्हा भोंगा लावायचा? कसला हा उफराटा कारभार!" असं त्यांचं म्हणणं. मला तो उफराटा वाटत नाही, म्हणून हा धागा.

निव्वळ बॅटरीवर चालणारी गाडी निदान कायम शांत असते. हायब्रिडचं तसं नाही. बॅटरी किती भरलेली आहे, इंजिन गार आहे की गरम, ॲक्सिलरेटरवर पाय किती जोरात आहे, यावर इंजिन कधी सुरू राहायचं आणि कधी बंद पडायचं ते ठरतं. तीच गाडी सकाळी घरघरत जाते आणि संध्याकाळी पायाशी येऊन उभी राहिली तरी कळत नाही. त्यातून इंजिन बंद असतं ते नेमकं कुठे? सावकाश जाताना, थांबताना, रिव्हर्स घेताना, पार्किंगमधून बाहेर काढताना. म्हणजे जिथे माणूस आणि गाडी यांच्यात हातभर अंतर असतं तिथेच.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने (एनएचटीएसए) २००९ मध्ये अपघातांच्या नोंदी तपासल्या. वर सांगितलेल्या संथ हालचालींमध्ये पादचाऱ्याला धडक बसायची शक्यता हायब्रिडच्या बाबतीत साध्या गाडीच्या जवळपास दुप्पट निघाली. ब्रिटनमधल्या २०१३ ते २०१७ च्या नोंदींवरचा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात दर १० कोटी मैलांमागे जखमी झालेले पादचारी पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठी २.४, तर हायब्रिड-इलेक्ट्रिकसाठी ५.१६. शहरात फरक आणखी मोठा, खेड्यातल्या रस्त्यांवर जवळजवळ नाहीच. हे पटण्यासारखं आहे. मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगात असते आणि टायरच बोलतात.

माझं मत: आवाज सक्तीचा हवा, तो बंद करायचं बटण नको, आणि सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीलाही तो हवा. आता घाला शिव्या.

शांतताप्रेमी

शिव्या नाही, पण साफ असहमत.

रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज दिवसरात्रीच्या सरासरीत ५३ डेसिबलच्या खाली असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी सांगितलं. झोपमोड, रक्तदाब, हृदयविकार हे सगळं त्यामागे आहे. मोठ्या रस्त्यालगत राहणाऱ्या कुणालाही विचारा, त्यांच्याकडे किती आवाज असतो ते. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तंत्रज्ञानाने आवाज कमी करायची संधी दिली, तर आपण स्पीकर बसवून मोकळे!

दुसरं म्हणजे, ही जबाबदारी कुणाची? दीड टन लोखंड कोण चालवतंय? चालवणाऱ्याने बघायचं की चालणाऱ्याने ऐकायचं? आवाजाची सक्ती करून तुम्ही अपघाताचं खापर हळूच पादचाऱ्याच्या डोक्यावर ठेवताय: "आवाज येत होता, ऐकला का नाहीस?" आणि ज्यांना ऐकूच येत नाही त्यांनी काय करायचं?

टवाळखोर

इंग्लंडात १८६५ चा कायदा होता. यंत्राच्या गाडीपुढे साठ यार्डांवर एक माणूस लाल झेंडा घेऊन चालायचा. ऐकू न येणाऱ्यांचीही सोय आणि डेसिबल शून्य. रोजगार वाढेल तो वेगळाच. विचार व्हावा.

पायीपायी

@टवाळखोर, झेंडा तुमच्याच हातात देऊ.

@शांतताप्रेमी, आवाज किती ते तर बघा. संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमात ताशी १० किमीला किमान ५० डेसिबल आणि २० किमीला ५६ एवढंच मागितलंय, तेही गाडीच्या मधल्या रेषेपासून दोन मीटरवर मोजून. वरची मर्यादा ७५. २० किमीच्या पुढे सक्तीच नाही. अमेरिकेत ही हद्द ३० किमी आहे. याला भोंगा कोण म्हणेल? पलीकडच्या फुटपाथवर पोचेपर्यंत तो आवाज विरून जातो.

टकटक

मी पांढरी काठी वापरतो. वरची चर्चा स्क्रीन रीडरवर ऐकली, म्हणून लिहितो.

चौक ओलांडताना आम्ही काय करतो ते डोळस लोकांना सहसा माहीत नसतं. कडेला उभं राहून आधी गाड्यांच्या रांगा कानाने लावायच्या. माझ्या समोरून आडवी जाणारी रांग कोणती, माझ्या बाजूने माझ्याच दिशेला जाणारी कोणती. आडवी रांग थांबून नुसती घरघरायला लागली आणि बाजूच्या रांगेने एकदम जोर धरला, की तो माझा सिग्नल. तेव्हा पाऊल टाकायचं. बाजूच्या गाडीच्या आवाजाला समांतर चाललं की रस्त्यात तिरकं जायला होत नाही. हे सगळं इंजिनाच्या आवाजावर बेतलेलं आहे.

आता आडव्या रांगेत सगळ्यात पुढे हायब्रिड उभी आहे असं धरा. इंजिन बंद. माझ्या लेखी तिथे गाडीच नाही. काठी बंपरला लागते तेव्हा कळतं. त्याहून वाईट म्हणजे वळणारी गाडी. ती इंजिन बंद ठेवूनच वळते. टायरखाली बारीक खडी असली तर जरा करकर येते, तेवढाच काय तो आधार. रस्ता गुळगुळीत असेल तर तोही नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेत २००८ च्या सुमारास प्रयोग झाला होता. संथ चालणारी हायब्रिड कोणत्या बाजूने येतेय हे ओळखायला ती साध्या गाडीपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त जवळ यावी लागली. तो प्रयोग शांत जागी केलेल्या ध्वनिमुद्रणांवर होता आणि ऐकणारे डोळस होते. आमच्यासाठी यात नवीन काही नव्हतं, पण अमेरिकेतल्या अंधांच्या संघटनेने हा विषय लावून धरला आणि २०११ च्या जानेवारीत तिथे कायदा झाला.

जबाबदारी चालकाची, हे मला शंभर टक्के मान्य. पण चालकाने मला बघितलंय की नाही हे मला कसं कळणार? तुम्ही त्याच्या डोळ्यांत बघता. मी गाडी ऐकतो.

आकडेमोड

टकटक यांच्या प्रतिसादाला काही उत्तर नाही, म्हणून तो बाजूला ठेवून फक्त आकड्यांबद्दल.

२००९ च्या अभ्यासात हायब्रिड गाड्या होत्या ८,३८७ आणि त्यांनी पादचाऱ्याला धडक दिल्याच्या घटना ७७. त्यातल्या फक्त संथ हालचालींच्या वेगळ्या काढल्या की हाताशी फारच थोड्या उरतात. २०११ मध्ये त्याच खात्याने जास्त राज्यांच्या नोंदी घेतल्या तेव्हा पादचाऱ्यांच्या बाबतीत एकूण ३५ टक्के जास्त शक्यता निघाली. सायकलस्वारांच्या बाबतीत ५७ टक्के. म्हणजे धोका आहेच, पण "दुप्पट, दुप्पट" हा घोष थोडा आवरा.

ब्रिटनच्या अभ्यासातही एक मेख आहे. त्या काळात हायब्रिड जास्त करून शहरात फिरत होत्या, आणि शहरातही गर्दीच्या भागात, टॅक्सी म्हणून. शहर आणि खेडं असं वेगळं केलं तरी शहरातला गजबजलेला चौक आणि शहराबाहेरची निवांत वसाहत एकाच खात्यात पडतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळे आकडे सक्तीच्या आधीचे आहेत. युरोपात नव्या मॉडेलना जुलै २०१९ पासून आणि सगळ्या नव्या गाड्यांना जुलै २०२१ पासून आवाज बंधनकारक झाला. या आकड्यांवरून "आवाज नसेल तर धोका" एवढं फार तर म्हणता येतं. "आवाज लावला की धोका गेला" हे त्यातून निघत नाही.

पायीपायी

सायकलस्वारांचा आकडा पादचाऱ्यांपेक्षा मोठा आहे, यावर कुणी बोलतच नाही. मागून येणाऱ्या गाडीसाठी त्यांनाही कानच असतात. बाकी तुमच्या मुद्द्याला उत्तर असं की आधी पुरते पुरावे जमवू आणि मग आवाज लावू, असं म्हटलं तर ते पुरावे जमणार कुणाच्या अंगावर?

पाना_पकड

गाड्यांच्या दुरुस्तीत हयात गेली, म्हणून थोडं यंत्रणेबद्दल.

आवाज म्हणजे नुसता "मोठा" नव्हे. नियमात तो किमान दोन वेगवेगळ्या पट्ट्यांत असावा लागतो आणि त्यातला एक १६०० हर्ट्झच्या आसपास किंवा खाली. कारण उघड आहे. वय झालं की वरच्या पट्टीतलं ऐकू येणं आधी जातं, आणि म्हातारी माणसंच रस्त्यात जास्त सापडतात. शिवाय गाडीचा वेग वाढेल तशी पट्टी चढली पाहिजे, वेग ताशी एका किमीने वाढला की निदान ०.८ टक्के. म्हणजे नुसतं ऐकून कळावं की ही थांबतेय की सुटलीय.

"टूं टूं" करणारी एकसुरी शिट्टी मात्र निरुपयोगी. ती कुठून येतेय हेच कानाला कळत नाही, भिंतींवर आपटून चहूकडून आल्यासारखी वाटते. फसफसणारा, खरखरीत, बऱ्याच पट्ट्या मिसळलेला आवाज दिशा दाखवतो आणि लवकर विरतो, म्हणून शेजाऱ्यालाही कमी त्रास. तेव्हा शांतताप्रेमी आणि टकटक यांचं भांडण खरं तर नाहीच. दोघांनाही चांगला आवाज हवाय, आणि गाडी बनवणाऱ्यांना हवाय "आपल्या ब्रँडचा" आवाज. तिथे घोळ होतो. २०२२ मध्ये टेस्लाला अमेरिकेत सुमारे पावणेसहा लाख गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलायला लागलं, कारण बाहेरच्या स्पीकरवर गाडी चालू असताना हवं ते वाजवायची सोय दिली होती आणि त्यात इशाऱ्याचा आवाज दबू शकत होता. हौसेला मोल नाही!

बंद करायच्या बटणाचं म्हणाल तर १३८ च्या पहिल्या आवृत्तीत ते चालत होतं, पुढच्या सुधारणेत काढून टाकलं. स्पीकर असतो बहुधा पुढच्या बंपरच्या मागे. बंपर बदलताना त्याची वायर पुन्हा जोडली का, हे किती मालक बघतात? आत बसलेल्याला तो आवाज धड ऐकूही येत नाही.

स्टिअरिंगमागून

हायब्रिड चालवतो, म्हणून दुसरी बाजू. पार्किंगमध्ये पुढे कुणी रमतगमत चाललं असेल तर मोठी पंचाईत. हॉर्न मारावा तर उद्धटपणा, नाही मारावा तर आपण चोरासारखे मागे मागे. मी काच खाली करून "जरा बाजूने" म्हणतो. गाडी उभी करतानाच उलटी लावतो, म्हणजे निघताना रिव्हर्स नको.

तरी मी आवाजाच्या सक्तीच्या विरोधात आहे. कारण वेगळं आहे. आवाज आला की चालकाच्या मनात येतं, "मी तर सांगितलं, आता सरका." ज्या गाडीला आपण शांत आहोत हे माहीत असतं, ती जपून चालते.

टकटक

गाडीला माहीत असतं हो. चालकाला पहिला महिनाभरच आठवतं.

शांतताप्रेमी

आवाजाऐवजी आपोआप लागणारे ब्रेक का नाहीत? कॅमेरा, रडार, माणूस दिसला की गाडी थांबली. कुणालाच काही ऐकावं लागत नाही, बहिऱ्यालाही फायदा, आंधळ्यालाही.

आकडेमोड

ते हवेतच. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये मोजलं, पादचारी ओळखणाऱ्या ब्रेकमुळे धडका २७ टक्क्यांनी कमी झाल्या. चांगलंच आहे. पण रस्त्यावर दिवे नसलेल्या अंधारात फरक शून्य. एकाच्या जागी दुसरं चालत नाही इथे. दोन्ही लागतील.

पायीपायी

मग वाद उरला तो उभ्या गाडीचा. अमेरिकेच्या नियमात गाडी उभी असली तरी गिअर ‘पार्क’मध्ये टाकेपर्यंत आवाज लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात उभ्या गाडीचा आवाज ऐच्छिक आहे. टकटक यांनी चौकाचं जे सांगितलं त्यानंतर मला अमेरिकेचं बरोबर वाटतं.

शांतताप्रेमी

चालत्या गाडीचा, २० किमीच्या आत, फसफसणारा. एवढं एक वेळ चालवून घेईन. पण सिग्नलला अख्खी रांग दीड मिनिट गुणगुणत उभी राहणार? माझी खिडकी चौकावर आहे.

टकटक

आज ती रांग इंजिन चालू ठेवून घरघरतेच की. आणि मला अख्खी रांग नकोय, पहिल्या ओळीतली गाडी हवीय.

पाना_पकड

आपण पहिल्या ओळीत आहोत हे गाडीला कळवणं सोपं नाही. पण एक करता येईल. ब्रेकवरचा पाय उठला की चाक फिरायच्या आत आवाज सुरू. अर्धा सेकंद आधी तरी नक्की जमेल.

टकटक

अर्ध्या सेकंदात माझं पाऊल उचललेलं असतं. दोन द्या.

पाना_पकड

हिरवा झाल्यावर दोन सेकंद गाडी अडवून धरली तर मागचे हॉर्न मारून हैराण करतील.

टकटक

करू देत. हॉर्न मला ऐकू येतो.